राष्ट्रीय प्रतिज्ञा (शालेय)

भारतातील शाळांत परिपाठाच्या वेळी विद्यार्थी सामुदायिकरीत्या म्हणतात ती देशनिष्ठेची प्रतिज्ञा. 'भारत माझा देश आहे' या वाक्याने तिची सुरुवात होते. प्रचलित मराठी पाठात आठ वाक्ये आणि सुमारे ७० शब्द आहेत. राष्ट्रगीत, राष्ट्रध्वज व राष्ट्रचिन्ह यांच्या जोडीने तिचा उल्लेख होत असला, तरी तिचे स्थान त्यांच्याहून वेगळे आहे. तिला घटनात्मक आधार नाही. शिक्षण खात्यांची परिपत्रके, पाठ्यपुस्तकांची सुरुवातीची पाने आणि रोजचा परिपाठ यांवरच ती उभी आहे.

कर्तृत्व व काळ : ही प्रतिज्ञा तेलुगू लेखक पैडिमर्री वेंकट सुब्बाराव (१९१६–८८) यांनी मूळ तेलुगूत रचली, असे आता सामान्यतः मानले जाते. ते नलगोंडा जिल्ह्यातील अन्नेपर्तीचे. प्रतिज्ञा लिहिली तेव्हा, म्हणजे १९६२ मध्ये, ते विशाखापट्टणम येथे जिल्हा कोषागार अधिकारी होते. त्यांनी मसुदा ज्येष्ठ नेते तेन्नेटी विश्वनाथम् यांना दाखवला; त्यांच्यामार्फत तो आंध्र प्रदेशचे तत्कालीन शिक्षणमंत्री पी. व्ही. जी. राजू यांच्याकडे गेला आणि १९६३ मध्ये विशाखापट्टणमच्या एका शाळेत प्रथम वाचला गेला. पुढे केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बंगलोर येथील ३१ व्या बैठकीत (११–१२ ऑक्टोबर १९६४) प्रतिज्ञेचा विषय आला. केंद्रीय शिक्षणमंत्री मो. क. छागला अध्यक्षस्थानी होते. २६ जानेवारी १९६५ पासून देशभरच्या शाळांत प्रतिज्ञा म्हटली जावी, असे तेथे ठरले. घटनेने इंग्रजीला दिलेली १५ वर्षांची मुदत नेमकी याच दिवशी संपत होती, आणि मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन पेटलेले होते. एकात्मतेची प्रतिज्ञा त्या दिवशी सुरू व्हावी, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

कर्तृत्वाचा प्रश्न मात्र एवढ्यावर मिटत नाही. १९६१ मध्ये संपूर्णानंद यांच्या अध्यक्षतेखाली भावनिक एकात्मता समिती नेमण्यात आली होती. विद्यार्थ्यांनी ठरावीक प्रसंगी देशनिष्ठेची प्रतिज्ञा घ्यावी, ही तिच्या शिफारशींपैकी एक. शिक्षणशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आजची प्रतिज्ञा या समितीच्या नावाखाली छापलेली आढळते, आणि तेथे सुब्बारावांचा नामोल्लेख नसतो. उलट तेलुगू परंपरेत समितीचा उल्लेख क्वचितच येतो. कल्पना समितीच्या वातावरणातली आणि शब्दरचना सुब्बारावांची, अशी विभागणी केली तर दोन्ही परंपरांचा मेळ बसतो, आणि तीच अधिक सयुक्तिक वाटते. सुब्बारावांचे नाव दीर्घकाळ मागे राहण्याचे कारणही यातच असावे. पाठ्यपुस्तकांत प्रतिज्ञा कर्त्याच्या नावाविना छापली जाई आणि सरकारी मजकूर म्हणूनच वाचली जाई. आपली रचना देशभर रोज म्हटली जाते हे खुद्द सुब्बारावांनाही बरीच वर्षे माहीत नव्हते, असे सांगतात. तेलुगू भाषक राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत आता प्रतिज्ञेखाली त्यांचे नाव येते.

प्रतिज्ञेची प्रेरणा भारत-चीन युद्धात शोधण्याचाही प्रघात आहे. ते युद्ध २० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ या काळात झाले. वर्ष जुळते म्हणून ही सांगड घातली गेली असावी. मजकूर मात्र तिला फारशी साथ देत नाही. त्यात शत्रू, सीमा, रक्षण, बलिदान यांपैकी एकही शब्द नाही. भाषावार प्रांतरचनेनंतरचे तंटे आणि १९६१ ची राष्ट्रीय एकात्मता परिषद यांच्याशी त्याचे नाते अधिक जवळचे दिसते.

पाठभेद : तेलुगू पाठात आणि काही इंग्रजी पाठांत प्राण्यांशी दयेने वागण्याचे एक वाक्य आहे, वडीलधाऱ्यांचा मान आणि सर्वांशी सौजन्य यांच्यानंतर ते येते. प्रचलित मराठी पाठात व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतील इंग्रजी पाठात ते नाही. असे भेद राहण्याचे कारण प्रशासकीय आहे. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाचा १९६४ चा निर्णय सल्ल्याच्या स्वरूपाचा होता, आणि ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत (१९७६) शिक्षण हा राज्यसूचीतला विषय होता. त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापला पाठ स्वीकारला व छापला. भाषांतरांची शब्दशः तुलना करून एकच 'प्रमाण' पाठ ठरवू पाहणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

आशय : मराठी पाठात 'माझा' या सर्वनामाची रूपे दहा वेळा येतात, देशाचे नाव एकदाच. निष्ठा वाहिली आहे ती देश आणि देशबांधव यांना. ध्वज, राज्यघटना, शासन किंवा ईश्वर यांचा निर्देश नाही. पालक, गुरुजन आणि वडीलधारी माणसे यांचा मान ठेवणे हे देशनिष्ठेच्या कलमांआधी येते, हा क्रम भारतीय घडणीचा आहे. इतर देशांच्या प्रतिज्ञांत तो सहसा आढळत नाही. अभिमान परंपरांचा सांगितला आहे, पण लगेच त्या परंपरांचा पाईक होण्याची 'पात्रता' अंगी यावी असेही म्हटले आहे. अभिमानावर घातलेली ही अट टीकाकारांच्या नजरेतून बहुधा निसटते. 'परंपरा' आणि 'मान' या शब्दांमुळे प्रतिज्ञा आज्ञाधारकपणावर भर देते, हा आक्षेप मात्र सर्वस्वी निराधार नाही. समतेची वा हक्कांची भाषा तिच्यात नाही. ती उणीव राज्यघटनेच्या उद्देशिकेच्या वाचनाने भरून निघते, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे असते.

म्हणण्याची पद्धत : महाराष्ट्रात परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या असा क्रम साधारणपणे असतो, शाळेगणिक तो थोडा बदलतो. उद्देशिकेचे वाचन २६ जानेवारी २०२० पासून, तर राज्यगीत २०२३ पासून त्यात सक्तीने आले. पाठ्यपुस्तक मंडळाच्या (बालभारती, स्थापना १९६७) पुस्तकांत प्रतिज्ञा सुरुवातीच्या पानांवर छापलेली असते.

प्रतिज्ञेच्या वेळी विद्यार्थी सावधान स्थितीत उभे राहतात आणि उजवा हात खांद्याच्या रेषेत समोर धरतात; कोपर ताठ, बोटे जुळलेली, तळहात जमिनीकडे. त्यासाठी रांगेत एक हाताचे अंतर आधीच घ्यावे लागते. ते घेतले नसेल, तर मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर टेकतो आणि रांग पुढे सरकते. आज्ञा मराठी शाळांतही बहुधा हिंदी वळणाच्या असतात : 'एकसाथ सावधान', 'प्रतिज्ञा शुरू कर'. सर्वांनी एका सुरात म्हटल्यास ३५ ते ४० सेकंद लागतात. एकाने सांगायचे व बाकीच्यांनी मागून म्हणायचे ठरवले, तर वेळ दुपटीहून अधिक होतो आणि लहान मुलांचे हात निम्म्यातच खाली येऊ लागतात. म्हणून मागून म्हणण्याची रीत पहिली-दुसरीपुरती ठेवून पुढे एकत्र म्हणवून घेणे सोयीचे ठरते.

चुका ठरावीक जागी होतात. 'परंपरांचा' हा शब्द लागोपाठच्या दोन वाक्यांत येतो. सांगणारा विद्यार्थी पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि 'मला अभिमान आहे' हा भाग गळतो, किंवा उलट, अभिमानाचे वाक्य दोनदा म्हटले जाते. दुसरी जागा शेवटच्या दोन वाक्यांची. 'प्रतिज्ञा करीत आहे' येताच संपल्यासारखे वाटून काही हात खाली जातात, आणि कल्याण-समृद्धीचे वाक्य विस्कळीत होते. सहावे वाक्य लांब आहे; 'मान ठेवीन' नंतर श्वास घेतला नाही, तर 'सौजन्याने वागेन' तोंडातल्या तोंडात राहते. मोठ्या मैदानावर आणखी एक अडचण येते. ध्वनीला सुमारे ३५ मीटर अंतर कापायला एक दशांश सेकंद लागतो; ध्वनिक्षेपक एकाच टोकाला असला, की शेवटच्या रांगा सतत मागे पडतात आणि घोळका दोन सुरांत फुटतो. सांगणाऱ्याने वाक्याच्या नव्हे, तर वाक्यांशाच्या शेवटी थांबावे, हा त्यावरचा साधा उपाय.

कायदेशीर स्थिती : राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ मध्ये ध्वज, संविधान व राष्ट्रगीत यांचा समावेश आहे, प्रतिज्ञेचा नाही. अनुच्छेद ५१क मधील मूलभूत कर्तव्यांतही तिचा उल्लेख नाही. सक्तीच्या प्रश्नावर बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य (१९८६) हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मार्गदर्शक मानला जातो. तो राष्ट्रगीताविषयी होता. यहोवाज विटनेसेस पंथातील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणे अभिव्यक्ती व धर्म यांच्या स्वातंत्र्याविरुद्ध ठरले. कायद्याचे संरक्षण असलेल्या राष्ट्रगीताबाबत जे लागू, ते प्रतिज्ञेलाही लागू व्हावे, हे तर्काला धरून आहे.

इतर देश : अमेरिकेतील ध्वजनिष्ठेची प्रतिज्ञा ही या प्रकारातील सर्वांत परिचित. कोलंबसच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त ८ सप्टेंबर १८९२ रोजी 'यूथ्स कंपॅनियन' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. फ्रान्सिस बेलामी की त्याच नियतकालिकातील जेम्स अपहॅम, असा तिच्या कर्तृत्वाचा वाद होता. १९३९ मधील चौकशी समितीने बेलामीच्या बाजूने कौल दिला. आरंभी तीतही हात समोर पसरत. नाझी अभिवादनाशी असलेल्या साम्यामुळे १९४२ मध्ये हात हृदयावर ठेवण्याची पद्धत आली. प्रतिज्ञा म्हणण्याची सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये वैध व १९४३ मध्ये, बार्नेट खटल्यात, अवैध ठरवली. ईश्वराचा निर्देश १९५४ मध्ये जोडला गेला.

सिंगापूरची प्रतिज्ञा एस. राजरत्नम यांच्या मसुद्यावरून १९६६ मध्ये सिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टपासून शाळांत म्हटली जाऊ लागली. उजवी मूठ डाव्या छातीवर धरून ती म्हणतात. वंश, भाषा व धर्म यांपलीकडच्या एकतेचा तीत स्पष्ट निर्देश आहे. पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत रोजच्या शालेय प्रतिज्ञेची प्रथा नाही.