पार्श्वभूमी : ‘पाहायलाच हवेत’ची यादी आणि दाराबाहेरचा तमाशापट

मराठीतले पाहायलाच हवेत असे दहा चित्रपट सांगा म्हटलं की पहिली नावं बहुतेक ठरलेली असतात. ‘संत तुकाराम’, ‘श्यामची आई’, ‘सामना’, ‘उंबरठा’, अलीकडचे म्हणून ‘श्वास’ आणि ‘कोर्ट’, विनोदी हवा म्हणून ‘अशी ही बनवाबनवी’. इथपर्यंत माना डोलतात. मग कोणीतरी ‘पिंजरा’ म्हणतं आणि लगेच प्रश्न येतो, हा तमाशापटात धरायचा की सामाजिकमध्ये? हा प्रश्न वरवर वर्गवारीचा वाटतो, पण यादीत कोणाला आत घ्यायचं हे त्याच्यावरच ठरत आलं आहे.

मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या काळात जाहिरातींतले प्रकार मोजकेच असत : पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, स्टंट. संतपट पुढे वेगळा ओळखला जाऊ लागला. यातल्या ‘सामाजिक’चा अर्थ आजच्यापेक्षा साधा होता. आजच्या माणसांची, आजच्या कपड्यांतली गोष्ट म्हणजे सामाजिक, मग ती हुंड्याची असो की निव्वळ प्रेमाची. ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) यांनी त्या शब्दाला वजन दिलं. तेव्हापासून सामाजिक म्हणजे प्रश्नाला हात घालणारा, म्हणून प्रतिष्ठेचा, असा अर्थ रूढ झाला. त्याआधीचं बरंचसं वादाबाहेरच आहे, कारण ते पाहताच येत नाही. १९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा भारतीय पडद्यावरचा पहिला वास्तववादी चित्रपट म्हणून अजून सांगितला जातो, पण तो मूकपट आज उपलब्ध नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात आणखी कितीतरी रिळं गेली.

आजच्या यादीची मोजपट्टी कुठून आली ते समजायला १९५२ पाहायला हवं. त्या वर्षी जानेवारीत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि पुढे इतर शहरांत गेला. त्यात इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला. रस्त्यावरचं चित्रण, रोजच्या जगण्यातली गोष्ट, आणि गाणी नाहीत! पाहणाऱ्यांच्या एका पिढीचं मत त्यामुळे बदललं. पुढच्या दोन दशकांत सभासदांना निवडक चित्रपट दाखवणाऱ्या फिल्म सोसायट्या वाढल्या, पुण्यातल्या प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत १९६० मध्ये चित्रपटाचं शिक्षण सुरू झालं, १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय संग्रह उभा राहिला.

सोसायटीचा खेळ म्हणजे काय असे, हे आजच्या पाहणाऱ्याला सांगावं लागतं. पत्र्याच्या डब्यातून आलेली सोळा मिलिमीटरची रिळं, हॉलच्या मधोमध टेबलावर खडखडणारा प्रोजेक्टर, रीळ बदलताना लागणारे दिवे आणि हातात सायक्लोस्टाइल केलेलं कथासूत्राचं पान. सभासदांपुरत्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असे, त्यामुळे काहीजण वेगळ्याच अपेक्षेनं सभासद होत, हेही खरं. पण खेळानंतर जी चर्चा व्हायची, तिच्यात ‘हा चित्रपट पाहायलाच हवा’ या वाक्याला प्रथमच कारणं जोडावी लागली. आवडला एवढं पुरेसं नव्हतं. का, ते सांगावं लागे. ही देणगी मोठी आहे आणि आज यादीवर भांडणारे सगळे, ठाऊक असो वा नसो, तिच्यावरच जगतात.

मात्र त्या मोजपट्टीत एक खोट होती, आणि ती तमाशापटाच्या वाट्याला आली.

‘तमाशापट’ या शब्दाखाली नेमकं काय येतं ते पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. अश्लीलता गाळण्याच्या अटीवर ती पुढे उठली. नेमक्या त्याच दिवसांत, १९४७ साली, ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. सोलापूरचा, कीर्तनकाराच्या घरातला ब्राह्मण शाहीर फडात जातो, त्याची ही गोष्ट. म्हणजे हा खरं तर पेशवाईतला चरित्रपट. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ ही गावातल्या जुलमाची आणि सुडाची कथा. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. १९७२ चा ‘पिंजरा’ ही एका शिक्षकाची शोकांतिका. २०१० चा ‘नटरंग’ कुस्तीगिराच्या अंगाचा, पण नाच्या, म्हणजे तमाशात बायकी हावभावांनी नाचणारा, झालेल्या माणसाचा चित्रपट, पुरुषपणाविषयीचा. चरित्र, सूडकथा, शोकांतिका आणि हा चौथा : चारही एका पोत्यात भरले, कारण चारहींत ढोलकी वाजते.

हा निकष दुसरीकडे कुठे लावला जात नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये पावलोपावली गाणं आहे, त्याला आपण संगीतप्रधान म्हणतो. ‘नटसम्राट’ (२०१६) रंगभूमीवरच्या माणसाचा आहे, त्याला कोणी ‘नाटकपट’ म्हणत नाही. आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) तर गाण्यांनी भरलेला आहे. तरी १९३७ च्या व्हेनिस महोत्सवातल्या गौरवानंतर वास्तववादाचे कडवे पुरस्कर्तेही त्याच्यापुढे नतमस्तक झाले. म्हणजे गाण्याला हरकत नव्हती. अभंग चालत होता, लावणी चालत नव्हती. कोणती कला कोणत्या घरातून आली, ती कोणत्या जातींच्या बायकापुरुषांनी सांभाळली आणि पिटात बसून शिट्टी कोण मारत होतं, हे त्या निवडीच्या मुळाशी आहे, असं मला वाटतं. चित्रपटाच्या गुणदोषांशी त्याचा संबंध फार थोडा.

‘पिंजरा’चं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. आदर्श गुरुजी गावात तमाशाचा तंबू पडू देत नाहीत. नाचणारी बाई चिडून पण करते, याला तुणतुणं घेऊन बोर्डावर उभा करीन. ती करतेही. मध्येच एक खून होतो, गुरुजींच्या कपड्यांतलं प्रेत गावाला सापडतं आणि गाव गुरुजींचा पुतळा उभारतं. पुढे हाच माणूस ओळख हरवून परततो तेव्हा समोर स्वतःचा पुतळा असतो, आणि अखेर त्याच्यावर आरोप येतो तो गुरुजींच्या खुनाचा, म्हणजे स्वतःच्याच. गावाची श्रद्धा मोडू नये म्हणून तो गप्प राहतो. माणूस संपवून त्याचा पुतळा जपणाऱ्या समाजावर मराठी पडद्यानं याहून जळजळीत काही सांगितल्याचं मला आठवत नाही. या कथेचा धागा १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाकडून आलेला आहे. जगभरच्या अभिजात याद्यांत त्याला मान आहे, त्याच्या प्रकाशयोजनेवर तासंतास बोललं जातं. त्यातली बाईही रंगमंचावर गाणारीनाचणारीच आहे. तिच्या चित्रपटाला मात्र जर्मन तमाशापट असं कोणी म्हटलेलं नाही.

१९६९ नंतर हिंदीत नवी लाट आली, मराठीत ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) पासून ‘सामना’ (१९७५), ‘जैत रे जैत’ (१९७७), ‘सिंहासन’ (१९७९), ‘उंबरठा’ (१९८२) अशी माळ लागली. धंदेवाईक चित्रपटांहून वेगळ्या वाटेनं जाणारा या अर्थाचा ‘समांतर’ हा शब्द तेव्हाचा. याच वर्षांत दुहेरी अर्थांच्या विनोदाचे, नाडीवाल्या चड्डीतल्या नायकाचे चित्रपट एकामागून एक रौप्यमहोत्सव करत होते. दोन्ही बाजूंचे पाहणारे एकमेकांची नावं आपल्या यादीत घालत नसत. ‘सामना’तही तमाशाचं वारं आहेच, पण साखरसम्राटाच्या राजकारणामुळे त्याला वेगळं दार उघडलं गेलं.

हे कप्पे थोडेफार मोडले ते दूरदर्शननं. मुंबई केंद्र ऑक्टोबर १९७२ मध्ये सुरू झालं आणि शनिवारच्या संध्याकाळी मराठी चित्रपट लागू लागला. निवड आपल्या हातात नव्हती, जे लागेल ते अख्खी चाळ एका घरात बसून पाही. आजीला आवडलेलं आणि नातवाला आवडलेलं एकाच सतरंजीवर ठरत असे. पुढे खासगी वाहिन्यांवर ‘बनवाबनवी’ इतक्या वेळा लागला की त्यातले संवाद पाठ नसलेला माणूस सापडणं कठीण झालं. त्याचं यादीतलं स्थान त्या पुनःप्रक्षेपणांचं आहे.

पुरस्कारांनी मात्र जुनी उतरंड पक्की केली. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट हा मान १९५४ मध्ये ‘श्यामची आई’ला मिळाला, नंतर पन्नास वर्षांनी ‘श्वास’ला, मग ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांना. पाचही मानाचे, पाचांतल्या एकाचाही विषय लावणीचा फड नाही. ‘सैराट’ (२०१६) आल्यावर प्रकारांची जुनी गोची नव्यानं दिसली : पूर्वार्ध पाहणारा त्याला प्रेमकथा म्हणे, शेवट पाहून बाहेर पडलेला जातवास्तवाचा चित्रपट म्हणे, आणि ‘झिंगाट’वर थिएटरात नाचलेल्यांना हे दोन्ही शब्द नको होते.

आता बहुतेकांची पहिली ओळख मोबाइलवरच्या एका गाण्यापासून होते. ‘बुगडी माझी सांडली गं’वर लग्नाच्या संगीतात नाचणाऱ्या मुलींना ठेका, गिरकी, हाताची अदा सगळं पाठ असतं. ‘सांगत्ये ऐका’ हे नाव घेतलं की मात्र त्या विचारतात, हे त्याच पिक्चरमधलं का?