उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

उन्हाळा लागला की एक सल्ला हमखास कानावर येतो: लांब जायचंय ना, मग टायरमधली हवा थोडी कमी कर, तापून फुगली तर टायर फुटेल. शाळेतला वायूंचा नियम आठवतो आणि हे पटतंही. मला मात्र ऐकूनच धडकी भरते, कारण या सल्ल्यानं टायर फुटायला उलट मदतच होते.

आधी हिशोब करू. टायरमध्ये 27 अंश सेल्सिअसला 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरली. गेज बाहेरच्या हवेहून जास्तीचा दाबच दाखवतो. वातावरणाचे साधारण 15 धरले तर खरा दाब 48. हवा 77 अंशांपर्यंत तापली, म्हणजे 300 केल्विनची 350 झाली, की दाब एक षष्ठांशानं वाढून 56 होतो. गेजवर 41. धडधाकट टायर याहून कितीतरी जास्त दाब पेलतो.

मग घात कोण करतं? रबरातली उष्णता. रबर वाकवून सोडलं की घातलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. थोडी उष्णता होऊन आतच राहते. याला हिस्टेरेसिस म्हणतात. 60 सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी 100 किलोमीटर वेगानं सेकंदाला जवळपास 15 फेरे घेतं. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग तासाभरात पन्नास हजारांहून अधिक वेळा दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर दर वेळी जास्त वाकतो, जास्त तापतो. रबरातून उष्णता सहज बाहेरही पडत नाही.

आता टायरच्या पोटात शिरू. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या रबराखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकमेकांवर तिरके बसवलेले असतात. पोलादाला रबर नीट धरत नाही, म्हणून तारांवर पितळेचा मुलामा देतात. टायर भाजताना रबरातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी जुळतं आणि कॉपर सल्फाइडचा, नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ थर तयार होतो. तार आणि रबर यांची पकड या थरावर अवलंबून! कारखान्यात तिथे ओल किंवा घाण राहिली तर टायर जन्मतःच कच्चा. पट्ट्यांच्या कडांशी रबरावर सर्वाधिक ताण येतो, त्यामुळे चीर बहुधा तिथूनच सुरू होते. आतल्या दाबाखालच्या हवेतला ऑक्सिजनही रबरात झिरपून त्याला ठिसूळ करत राहतो. उष्णतेनं हे काम वेगानं होतं. शिवाय वर सांगितलेल्या वेगाला नक्षीवरचं बाहेर फेकणारं बल गुरुत्वाकर्षणाच्या अडीचशे पटींहून जास्त असतं. पकड सुटली की नक्षीचा अख्खा पट्टा उलगडून निघतो आणि गाडी हातातून जाते.

ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीनं अमेरिकेत सुमारे 65 लाख टायर परत मागवले. नक्षी सुटून गाड्या उलटत होत्या, त्यात फोर्ड एक्सप्लोरर जास्त. त्या गाडीसाठी फोर्डनं सांगितलेला दाब होता 26 पीएसआय. फायरस्टोननं नंतर 30 ठेवायला सांगितलं. टायरमध्ये दोष होताच, आणि कमी हवेला त्यात आणखी उष्णतेची भर घालायला वाव होता.

नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, ही जाहिरातबाजीही सोडून द्या. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि रबर वाकायचं तेवढंच वाकतं.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. टायरच्या बाजूला डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या मजकुराच्या शेवटी चार अंक दिसतील: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आतलं रबर त्या आठवड्यापासून म्हातारं होत आलेलं असतं. आणि टायरला कुठे फुगवटा दिसला, तर त्यावर हळू चालवत घरी जाऊ असंही म्हणू नका. तिथेच थांबून चाक बदला.