चनांग सारी

चनांग सारी : इंडोनेशियातील बाली बेटावर हिंदू कुटुंबे रोज देवाला वाहतात तो नारळाच्या पातीचा, फुलांनी भरलेला तळहाताएवढा द्रोण. जुन्या जावानीज भाषेत चनांग म्हणजे मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचा विडा. सारी म्हणजे सार. पाहणाऱ्याचे लक्ष फुलांकडे जाते, पण या अर्पणाचा जीव फुलांखालच्या विड्यात असतो.

द्रोणाला चेपर म्हणतात. नारळाच्या न उलगडलेल्या झावळीची पिवळसर पात (बुसुंग) हीर काढून पट्ट्यांत कापतात, चारही कडा उभ्या राहतील अशी दुमडतात आणि कोपरे बांबूच्या बारीक काडीने (सेमत) टाचतात. पात ताजी हवी. सुकली की घडीवर चिरते, कोपरा सुटतो आणि फुले सांडतात. जून हिरवी पात (स्लेपान) आणि ताडाची पातही वापरतात. सेमतऐवजी स्टेपलची पिन मारणे आता सर्रास झाले आहे. काम झटपट होते, मात्र द्रोण कुजून गेल्यावरही पिन मातीत राहते. काडी केव्हाही चांगली.

तळाशी पोरोसान जाते : विड्याचे पान, सुपारी आणि चुना, पातीच्या तुकड्यात गुंडाळून. पान विष्णूचे, सुपारी ब्रह्माची, चुना शिवाचा. पोरोसान राहून गेले तर चनांग अपुरे समजतात. त्यावर केळ्याची चकती, उसाचा तुकडा, मग पातीची कातरलेली चकती आणि तिच्यावर फुले. फुलांना दिशा असते : पूर्वेला पांढरे (ईश्वर), दक्षिणेला तांबडे (ब्रह्मा), पश्चिमेला पिवळे (महादेव), उत्तरेला निळे किंवा हिरवे (विष्णू) आणि मधोमध केवड्याच्या जातीतल्या पंदान पानांचा बारीक चिरलेला कीस. चाफा, तेरडा, झेंडू, हायड्रेंजिया ही नेहमीची फुले. बाजारातून तयार आणलेल्या चनांगात रंग पुष्कळदा एकत्र कालवलेले असतात. अशा वेळी वाहण्याआधी फुले दिशेप्रमाणे लावून घ्यावीत. सर्वांत वर एखादे नाणे किंवा नोट ठेवतात, तिला सेसारी म्हणतात.

वाहणारी बहुधा घरातली स्त्री. कमरेला कामेन (लुंगीसारखे वस्त्र) आणि त्यावर सेलेंदांग (पट्टा) बांधून ती तबक घेऊन निघते. देवघर, चूल, विहीर, फाटक, दुकानाचा गल्ला, गाडीचा दर्शनी भाग, अशा प्रत्येक ठिकाणी एक चनांग ठेवून त्यावर पेटती उदबत्ती लावते, फुलाने तीर्थ शिंपडते आणि हात हलवून सुवास देवाकडे लोटते. या हालचालीला ङायाब म्हणतात. घाईत उरकायचे हे काम नव्हे. घरात मृत्यू झाला असेल तर घरातले अर्पण करत नाहीत, आणि मासिक पाळी असलेली स्त्रीही करत नाही. तिच्याऐवजी घरातले दुसरे कोणी करते.

पौर्णिमा, अमावास्या आणि दर 15 दिवसांनी येणाऱ्या कजेंग क्लिवोनला (बाली पंचांगातला एक विशेष दिवस) अर्पणे वाढतात. त्या दिवशी भूत-काल नावाच्या उपद्रवी शक्तींसाठी जमिनीवर भाताचे छोटे अर्पण (सेगेहान) ठेवतात. घरचा स्वयंपाक झाल्यावर, कोणी जेवायच्या आधी, केळीच्या पानाच्या लहान तुकड्यांवर भात ठेवण्याची रीत (साइबान) वेगळी. तिची चनांगशी गल्लत करू नये.

पाहुण्यांनी उदबत्ती जळत असलेले चनांग ओलांडू नये, वळसा घालून जावे. फोटो काढताना वाहणाऱ्या व्यक्तीच्या समोर उभे राहू नये. वरच्या नाण्यांना हात लावू नये. उदबत्ती विझली की सार देवाला पोचले असे मानतात. मग कोंबड्या, कुत्री, मुंग्या उरलेले खातात, त्यांना कोणी हाकलत नाही, आणि दुसऱ्या सकाळी जुने द्रोण झाडून त्याच जागी नवे ठेवले जातात.