टॅटू काढण्याआधी घरी नेऊन वाचायचं पत्रक

हे पत्रक दुकानात उभ्या-उभ्या वाचू नका, घरी न्या. डिझाइन पसंत पडलं असलं तरी टॅटू दोन दिवस उशिरा निघाल्याने काही बिघडत नाही.

भरतीची तयारी करत असाल तर

आमच्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये पहाटे रोडवर धावणारे पुष्कळ असतात, म्हणून हे पहिलं. लष्कराच्या भरतीत कायमचा टॅटू दोनच जागी चालतो: कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू. दंडावर, छातीवर, मानेवर किंवा पोटरीवर असला की मेडिकलला अडलंच समजा. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांत आणखी कडक आहे. तिथे आतली बाजू चालते ती डाव्या हाताचीच, कारण सलामी उजव्या हाताने देतात. टॅटू त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान लागतो, आणि असावं तर नाव किंवा धार्मिक चिन्ह. आदिवासी समाजाच्या परंपरेतल्या गोंदणाचा लष्कर वेगळा विचार करतं, पण ते परंपरेच्या गोंदणापुरतं. मोबाइलवरून पसंत केलेल्या वाघाला ती सवलत नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा ज्या भरतीचा फॉर्म भरणार तिची जाहिरात आधी नीट वाचा.

तयारी करणाऱ्या पोराच्या दंडावर आम्ही टॅटू काढून देत नाही. जास्त पैसे देतो म्हटलं तरी नाही. आम्हाला अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पण ते लेझरने पुसायला नागपूरच्या चकरा, दोन चकरांमध्ये काही आठवड्यांचं अंतर, आणि खर्च गोंदवण्याच्या कितीतरी पट. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी होते, हिरवी-निळी फार चिवट. मैत्रिणीचं नाव गोंदवायला आलेल्यांनाही आम्ही हेच सांगतो. ते हसतात, आणि तरी गोंदवतात.

सुई तुमच्यासमोर फुटली पाहिजे

भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटवर जाऊ नका. गुमास्ता परवाना किराणा दुकानालाही मिळतो, त्यावरून हात किती स्वच्छ आहे ते कळत नाही. बघायचं ते टेबलावर. सुई किंवा कार्ट्रिज (सुई बसवलेली नळी) एका बाजूने कागद आणि दुसऱ्या बाजूने प्लास्टिक अशा बंद पाकिटात येते. पाकिटावर निर्जंतुक केल्याचा उल्लेख आणि मुदत संपण्याची तारीख असते. ते पाकीट हातात घ्या, तारीख वाचा, कुठे फाटलेलं तर नाही ते बघा, मगच तुमच्यासमोर फोडू द्या. आधीच फोडून ठेवलेली सुई नवी आहे असं कोणी कितीही सांगितलं तरी उठून या. आमच्याकडेही असं दिसलं तर आमच्याही खुर्चीवरून उठा.

शाई मोठ्या बाटलीतून बोटाच्या पेराएवढ्या कपात काढली पाहिजे. तुमचं काम झालं की उरलेली शाई कपासकट फेकायची, परत बाटलीत ओतायची नाही. शाई पातळ करायला बोअरचं किंवा नळाचं पाणी घालणारे आहेत. त्या पाण्यातले जंतू कातडीखाली गेले की महिनोन्महिने न हटणाऱ्या पुटकुळ्या येतात. आणखी एक गोष्ट बारकाईने बघा: काम चालू असताना टॅटूवाल्याचा फोन वाजतो. त्याच ग्लोव्हजने फोन उचलून, बोलून, तोच हात परत तुमच्या दंडावर ठेवला, तर ग्लोव्हज घातले काय आणि न घातले काय! त्याने स्वतः कावीळ ‘ब’ची लस घेतली आहे का, हेही खुशाल विचारा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

जत्रेतल्या पालात एकच सुई दिवसभर चालते, मधे मधे स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. पुसल्याने किंवा उकळल्याने सुई निर्जंतुक होत नाही. कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही आठवडाभर जिवंत राहू शकतो. कावीळ ‘सी’ आणि एचआयव्हीही रक्तातून पसरतात.

आता आजी म्हणते, ‘आमच्या काळात गोंदणारीन गावोगाव फिरायची, एकाच सुईने साऱ्या बायांना गोंदायची, काय झालं आम्हाले?’ आजीचं गोंदण सुंदरच आहे, त्याला आम्ही नाव ठेवत नाही. पण कावीळ ‘सी’चा विषाणू ओळखलाच गेला १९८९ मध्ये. तो यकृत वीस-तीस वर्षं आतून पोखरतो, तोवर बाहेर काही दिसत नाही. तेव्हा कोणाचं पोट पाण्याने भरलं तर त्याचा संबंध गोंदणाशी कोण लावणार होतं?

हात बसलेला आहे की नाही

ताज्या टॅटूचे फोटो सगळ्यांचेच छान दिसतात. महिना-दोन महिने उलटलेल्या, भरून आलेल्या टॅटूचे फोटो मागा. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसायला हवी. सुई वरवर फिरली तर शाई निघून जाते, जास्त खोल गेली तर रेघेभोवती निळसर फुगारा पसरतो. फोटोत तो शोधा.

देवनागरी अक्षरांना वेगळा हात लागतो. रेघ काळानुसार थोडी जाड होतेच, त्यामुळे बारीक अक्षरात ‘ळ’ची दोन्ही वेटोळी आणि ‘क्ष’ची गाठ काही वर्षांत भरून जाऊन ठिपका उरतो. अक्षर निदान बोटाच्या नखाएवढं ठेवा. बाबासाहेबांचा किंवा तुकडोजी महाराजांचा चेहरा रुपयाच्या नाण्याएवढा मागू नका, तो ओळखू येणार नाही. स्टेन्सिल (कातडीवर उमटवलेला कच्चा नमुना) लावल्यावर ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या, कारण आरशात उलटं दिसतं.

कोणाला आम्ही परत पाठवतो

अठरा वर्षांखालच्यांना आणि दारू पिऊन आलेल्यांना. गरोदर बायकांनाही. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूरकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. सिकलसेलच्या रुग्णाला साधा जंतुसंसर्गही महागात पडू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही हात लावत नाही. जखमेवर जाड वण येतो अशांनी छाती आणि खांदा टाळा. रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर रक्तपेढी साधारण वर्षभर रक्त घेत नाही, त्या हिशोबाने ठरवा.

हंगाम बघून या

ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, घामाने ती लवकर बरी होत नाही. कपाशीवर फवारणी चालू असेल तर येऊच नका: २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने झालेली विषबाधा आपल्याला ठाऊक आहे, आणि जखमेतून औषध आत जायला वेळ लागत नाही. कापूस वेचणीत बोंडांचे काटे हाताला ओरखडतात, तेव्हा हाताचं काम वेचणी आटोपल्यावर.

टॅटूवर गुंडाळलेलं प्लास्टिक (रॅप) काही तासांनी काढून साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवा, टिपा, आम्ही देतो ते मलम अगदी पातळ लावा. हळद, बिब्बा, टूथपेस्ट, घरचं तेल नको. आठवडाभरात खाज सुटेल आणि पापुद्रे निघतील, ते नखाने काढू नका. दोन-तीन आठवडे विहिरीत, नाल्यात, कॅनॉलमध्ये पोहू नका. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला तर आमच्याकडे नाही, सरळ दवाखान्यात जा.

महिन्याने एकदा दाखवायला या. कुठे शाई सुटली असेल तर टचअपचे पैसे घेत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र मोठं काम घेत नाही, त्या दिवशी फक्त डिझाइन बघायला या.