हात कोणत्या हत्याराचा बसवायचा?

वॉरबँड खेळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या बेळगावच्या गेमिंग सेंटरवर 'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' खेळायला बसणाऱ्या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पॉइंट कशात घालू? अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्सने 2010 साली काढलेला हा मध्ययुगीन लढायांचा गेम जुन्या पीसीवरही सुरळीत चालतो, पण पात्र कसं घडवायचं हे तो नीट समजावून सांगत नाही. बरेच जण थोडं तलवारीत, थोडं धनुष्यात, थोडं भाल्यात असं वाटत जातात. दहाव्या लेव्हलच्या आसपास लक्षात येतं की हात एकाही हत्याराचा बसलेला नाही. एकदा घातलेला पॉइंट काढून दुसरीकडे टाकता येत नाही, म्हणून 'न्यू गेम' दाबण्याआधी हे वाचा. हीच माहिती कन्नडमध्येही काउंटरवर ठेवली आहे.

पॉइंट तीन तऱ्हेचे

दर लेव्हलला 1 ॲट्रिब्यूट पॉइंट, 1 स्किल पॉइंट आणि 10 वेपन पॉइंट मिळतात. ॲट्रिब्यूट चार : स्ट्रेंग्थ, ॲजिलिटी, इंटेलिजन्स, करिझ्मा. स्ट्रेंग्थ 1 ने वाढली की हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) 1 ने वाढतो, ॲजिलिटीबरोबर 5 वेपन पॉइंट जादा मिळतात आणि इंटेलिजन्सबरोबर 1 स्किल पॉइंट जादा.

कुठलंही स्किल त्याच्या ॲट्रिब्यूटच्या एक तृतीयांशापलीकडे जात नाही. पॉवर स्ट्राइक (जवळच्या वाराचा जोर) 4 हवा असेल तर स्ट्रेंग्थ 12 लागते, 5 हवा असेल तर 15. 'स्किल पॉइंट शिल्लक आहे पण प्लसचं बटण दाबलं जात नाही' ही तक्रार दर आठवड्याला येते. मशीन बिघडलेलं नसतं, ॲट्रिब्यूट कमी पडलेला असतो.

आता मुद्द्याचं. वन हँडेड, टू हँडेड, पोलआर्म्स, आर्चरी, क्रॉसबो (आडवं यांत्रिक धनुष्य) आणि थ्रोइंग हे हत्यारांचे सहा आकडे, म्हणजे वेपन पॉइंट जिथे घालायचे ते, वापराने आपोआप वाढतात. जेवढे वार लागतील तेवढा हात बसतो. पॉवर स्ट्राइक, पॉवर ड्रॉ (धनुष्य ओढण्याचा जोर), शील्ड, रायडिंग ही स्किल मात्र कितीही लढलात तरी लढून वाढत नाहीत. म्हणून डोकं चालवायचं ते ॲट्रिब्यूट आणि स्किलवर. वेपन पॉइंट हा नुसता सुरुवातीचा धक्का समजा.

तो धक्काही दूरच्या हत्याराला द्या. तलवार अनाडी हातातूनही लागते, त्यामुळे तिचा आकडा वाढत राहतो. धनुष्याचं तसं नाही. आर्चरी कमी असताना निशाण्याचं वर्तुळ एवढं मोठं असतं की बाण लागतच नाही, आणि जो लागत नाही त्यातून शिकणंही नाही. लांबचा, हलता माणूस टिपला की पडद्यावर शॉट डिफिकल्टीचा आकडा येतो. तो जितका मोठा तितकी आर्चरी भराभर चढते. शिवाय आकडा वर गेला की पुढचा एकेक आकडा जास्त वेपन पॉइंट खातो, त्यामुळे सहा ठिकाणी शिंपडलेले पॉइंट वाया गेल्यातच जमा.

वेपन मास्टर हे ॲजिलिटीचं स्किल या सगळ्याला मर्यादा घालतं. ते 0 असेल तर पॉइंट घालून 60 पर्यंतच जाता येतं. पुढे दर पातळीला 40 ची भर : 100, 140, 180, 220. ही मर्यादा पॉइंट घालण्यापुरती आहे, सरावाने आकडा तिच्याही पुढे जातो. वेपन मास्टर 3 वर थांबलं तरी बहुतेकांचं काम भागतं.

जवळचं हत्यार

वन हँडेड आणि ढाल ही जोडी आम्ही नव्या माणसाला डोळे मिटून सुचवतो. ढाल पाठीवर वागवण्यासाठी नाही, बाण अडवण्यासाठी आहे. समुद्रकाठचे सी रेडर्स हे लुटारू फेकायच्या कुऱ्हाडी घेऊन येतात आणि ढालीशिवाय पायी गेलेला माणूस त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शील्ड स्किलच्या दर पातळीला ढालीला बसणारा मार 8 टक्क्यांनी घटतो, ती लवकर वर येते आणि बाणांपासून जास्त भाग झाकते. पॉवर स्ट्राइकची दर पातळी जवळच्या प्रत्येक वारात 8 टक्क्यांची भर घालते.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा पाहून आलेली मुलं तो इथे शोधतात. दांडपट्टा या गेममध्ये नाही. गेममधल्या सारानिड सुलतानशाहीकडची वाकडी तलवार त्यातल्या त्यात जवळची, आणि ती वन हँडेडमध्येच मोडते.

टू हँडेडचा घाव जबर असतो, पण ढाल नाही. व्हेगिर राज्याचे तिरंदाज किंवा ऱ्होडोक राज्याचे क्रॉसबोवाले समोर असतील तर हा माणूस पहिल्यांदा पडतो. स्ट्रेंग्थ आणि आयर्नफ्लेशमध्ये भरपूर घालायची तयारी असेल तरच या वाटेला जा. आयर्नफ्लेशच्या दर पातळीला 2 हिट पॉइंट मिळतात.

पोलआर्म्स म्हणजे घोडेस्वाराचा भाला. घोडा भरधाव सोडला आणि वार न करता भाला नुसता हातात ठेवला की तो बगलेत आडवा रोखला जातो. त्या एका धडकेत चिलखती सरदारही आडवा होतो. मोकळ्या मैदानात वाघ असलेला हा गडी किल्ल्याच्या वेढ्यात मात्र अडकतो. वेढ्यात घोडा मिळत नाही, शिडी अरुंद, गर्दी दाट, आणि लांब भाल्याचं टोक शत्रूच्या पलीकडे जाऊन पडतं. म्हणून भालेवाल्याने हत्यारांच्या चार खान्यांपैकी एकात आखूड तलवार ठेवावीच.

दूरचं हत्यार

धनुष्य हवं असेल तर स्ट्रेंग्थ लागते, हे अनेकांना उशिरा कळतं. पॉवर ड्रॉच्या दर पातळीला बाणाचा मार 14 टक्क्यांनी वाढतो, पण हा फायदा धनुष्याच्या गरजेच्या वर चार पातळ्यांपर्यंतच मोजला जातो. शॉर्ट बोला पॉवर ड्रॉ 1 लागतो, म्हणजे त्याला 5 च्या पुढे उपयोग नाही. वॉर बोला 4 लागतो, तो 8 पर्यंत फायदा घेतो. पॉवर ड्रॉ वाढवत राहायचं आणि धनुष्य जुनंच ठेवायचं, ही फुकट गेलेली मेहनत. आणखी एक : लाँग बो घोड्यावरून चालत नाही.

घोड्यावरचा तिरंदाज दिसायला देखणा, घडवायला सगळ्यांत महाग. पॉवर ड्रॉसाठी स्ट्रेंग्थ; रायडिंग, हॉर्स आर्चरी आणि वेपन मास्टरसाठी ॲजिलिटी, असे दोन्ही ॲट्रिब्यूट एकदम ओढावे लागतात. वीस लेव्हल धीर धरणार असाल तरच.

क्रॉसबोला पॉवर ड्रॉसारखं कुठलंच स्किल लागत नाही. भरायला वेळ लागतो, जड क्रॉसबो घोड्यावर भरता येत नाही, पण पहिल्या दिवसापासून बाण जोरात बसतो. खानापूर, निपाणीहून फक्त रविवारी येऊन दोन तास खेळणाऱ्यांना आम्ही हाच सुचवतो. वाचलेले पॉइंट इंटेलिजन्स, करिझ्मात घाला आणि मोठी फौज बांधा.

थ्रोइंगमध्ये मार दणदणीत, पण नग थोडे. दोन खाने भरून नेलेत तरी मोठ्या लढाईत मध्यावर संपतात. पॉवर थ्रोची दर पातळी 10 टक्के जादा मार देते.

कापणं, भोसकणं, ठेचणं

हत्याराच्या माहितीत कट, पिअर्स किंवा ब्लंट असं लिहिलेलं असतं. कट उघड्या अंगावर उत्तम, जाड चिलखतावर बोथट. पिअर्स आणि ब्लंट चिलखतालाही दाद देत नाहीत. गदेसारख्या ब्लंट हत्याराने शेवटचा फटका बसला तर माणूस मरत नाही, बेशुद्ध पडतो आणि कैदी म्हणून विकता येतो. त्यासाठी प्रिझनर मॅनेजमेंट किमान 1 हवं, दर पातळीला 5 कैदी. ते 0 असताना गदा घेऊन कैद्यांची वाट पाहू नका.

एक चालणारा आराखडा

कशातच मन ठरत नसेल तर स्ट्रेंग्थ 12, ॲजिलिटी 12 हे लक्ष्य धरा. मग पॉवर स्ट्राइक 4, रायडिंग 4, शील्ड 3, वेपन मास्टर 3. चार्जर घोड्याला रायडिंग 4 लागतं, तेही यात बसतं. वेपन पॉइंट सगळे क्रॉसबोत, तलवार सरावावर सोडा. सुरुवातीला दगड फेकणाऱ्या लूटर्सवर हात साफ करा. शहरांतल्या अरीनातही सराव होतो, फक्त तिथे हत्यार गेम देतो, आपल्या पसंतीचं नाही. शस्त्रक्रिया, प्रथमोपचार असली इंटेलिजन्सची स्किल जेरेमससारख्या साथीदारावर सोपवा. टोळीत ज्याचं स्किल सगळ्यांत जास्त, त्याचं धरलं जातं. लढाऊ स्किल मात्र ज्याची त्यालाच.

ब्लॉक लागत नसेल तर

आधी ऑप्शन्स उघडा. आमच्या पीसीवर तुमच्या आधी बसलेल्याची सेटिंग तशीच राहते. डिफेंड डायरेक्शन आधीच्याने मॅन्युअल ठेवलं असेल तर तलवारीने वार अडवताना दिशा तुम्हालाच द्यावी लागते आणि नवखा माणूस भराभर मार खातो. ते ऑटोमॅटिक करा. हल्ल्याची दिशा उलटी वाटत असेल तर त्याच पानावर माउसच्या हालचालीचा पर्याय बदला.

सेव्ह

लढाई सुरू असताना सेव्ह होत नाही, आणि आमचा यूपीएस फक्त पीसी नीट बंद करण्यापुरता टिकतो. त्यामुळे मोठी फौज अंगावर येताना दिसली की नकाशावर असतानाच सेव्ह करा. सुरुवातीला सेव्ह मोड 'रिॲलिस्टिक' निवडलात तर मागच्या सेव्हवर परतता येत नाही, चुकलेला पॉइंटही तसाच राहतो. पहिल्या खेळाला तो निवडू नका. लेव्हल वाढली की पॉइंट घालण्याआधी वेगळ्या जागेत एक सेव्ह ठेवा.

सेव्हच्या फाइल्स डॉक्युमेंट्समध्ये 'माउंट अँड ब्लेड वॉरबँड सेव्हगेम्स' या फोल्डरात असतात. पुढच्या वेळी दुसऱ्या पीसीवर बसावं लागलं तर हे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन या. पेन ड्राइव्ह आधी काउंटरवर स्कॅन करून देतो, त्याचे पैसे नाहीत.