ओझोन थराचा ऱ्हास

जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, ओझोन वायूचे प्रमाण इतर उंचीच्या मानाने बरेच अधिक असते. या पट्ट्याला ओझोन थर म्हणतात आणि मुख्यतः मानवनिर्मित रसायनांमुळे त्यातील ओझोन घटण्याच्या क्रियेला ओझोन थराचा ऱ्हास असे म्हणतात. ‘थर’ हा शब्द थोडा फसवा आहे. डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला व ०° सेल्सिअस तापमानाला एकत्र केला, तर त्याची जाडी जेमतेम ३ मिलिमीटर भरेल. डॉब्सन एककात ही जाडी ३०० होते. सांगली-साताऱ्यासारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशावर ती मुळातच याहून काहीशी कमी असते.

सूर्याच्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांनी ऑक्सिजनचा रेणू फुटतो, सुटा अणू दुसऱ्या रेणूला चिकटून ओझोन बनतो, आणि ओझोनही तशाच किरणांनी पुन्हा फुटतो. सिडनी चॅपमन यांनी १९३० मध्ये मांडलेल्या या घडामोडीत किरणांतील घातक भाग वरच्या वर शोषला जातो. हा समतोल बिघडवणाऱ्या पदार्थांत क्लोरोफ्ल्युओरोकार्बने अग्रेसर ठरली. १९२८ मध्ये शीतकरणासाठी तयार झालेली ही संयुगे बिनविषारी, न पेटणारी आणि अत्यंत स्थिर असल्याने फ्रिज, फवारणीचे डबे व फोम यांत सर्रास वापरली गेली. त्यांची स्थिरता हाच धोका ठरला. खालच्या हवेत ती विघटित होत नाहीत आणि हवेहून जड असली, तरी वाऱ्यांच्या घुसळणीने काही वर्षांत स्थितांबरात पोहोचतात. तेथे त्यांतून सुटलेला क्लोरीनचा अणू ओझोन मोडतो आणि स्वतः उत्प्रेरकाप्रमाणे पुन्हा मोकळा होतो. एक अणू असे सुमारे एक लाख रेणू नष्ट करू शकतो. मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी हे १९७४ मध्ये दाखवून दिले. पॉल क्रुटझन यांच्यासह त्यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रश्न दूरच्या कारखान्यांचा वाटत असला, तरी त्याचा एक धागा सांगली-मिरजेच्या दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत येतो. फ्रिजचा ‘गॅस गेला’ की कारागीर कॉम्प्रेसरच्या चार्जिंग नळीचे टोक कापतो, आत उरलेला वायू फुस्स आवाज करीत निघून जातो, मग सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा कोठे उठतो ते पाहिले जाते आणि झाळून, निर्वात करून नवा गॅस भरला जातो. जुन्या फ्रिजमध्ये हा वायू आर-१२ हे क्लोरोफ्ल्युओरोकार्बन असे, आणि त्याचे वातावरणातील आयुर्मान सुमारे शंभर वर्षे आहे. भंगारात गेलेल्या फ्रिजमधील तांबे व कॉम्प्रेसर यांना भाव मिळतो. भिंतीतला पिवळसर फोम मात्र तोडून टाकला जातो, आणि जुन्या फोममध्ये आर-११ हे दुसरे क्लोरोफ्ल्युओरोकार्बन अडकलेले असते. ही गळती मोजणे अवघड असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष होते, ते योग्य नाही. याउलट बेदाण्याची मोठी शीतगृहे बहुधा अमोनियावर चालतात. अमोनियाचा उग्र वास व विषारीपणा यांमुळे तो जपून हाताळावा लागतो, पण ओझोनला त्याचा उपद्रव नाही.

शेतमालाला कीडनाशक धुरी देण्यासाठी वापरले जाणारे मिथिल ब्रोमाइड हेही ओझोननाशक आहे. ब्रोमिनचा अणू क्लोरीनपेक्षाही अनेक पटींनी प्रभावी असतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, मात्र हळद धुरीशिवाय टिकत असे. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात हवा खेळत नसल्याने कीड जगत नसे.

सर्वांत तीव्र ऱ्हास अंटार्क्टिकावर होतो. हिवाळ्यात तेथील हवा भोवऱ्यात कोंडली जाऊन −७८° सेल्सिअसखाली जाते, ध्रुवीय स्थितांबरी ढग बनतात, त्यांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरीन सक्रिय होते, आणि सप्टेंबरमध्ये सूर्य दिसू लागताच ओझोन झपाट्याने मोडतो. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये ही घट प्रसिद्ध केली. २२० डॉब्सन एककांहून कमी ओझोन असलेल्या भागास ‘ओझोन छिद्र’ म्हणतात; तेथे खरे भोक नसते.

ओझोन घटला की जंबुपार-ब किरण अधिक प्रमाणात जमिनीवर येतात. त्यांमुळे त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू बळावतात, रोगप्रतिकारशक्ती मंदावते, काही पिकांची वाढ खुंटते आणि सागरी अन्नसाखळीचा पाया असलेल्या वनस्पतिप्लवकांना इजा होते. येथे एक समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. सांगलीचा उन्हाळा ओझोन छिद्रामुळे तापतो, असे बोलले जाते. ते खरे नाही. उष्ण कटिबंधावर ओझोनची घट अत्यल्प आहे. मेच्या पूर्वार्धात दुपारचा सूर्य सांगलीच्या जवळजवळ थेट डोक्यावर येतो, म्हणून शेतमजुरांच्या डोळ्यांना व त्वचेला मिळणारा किरणांचा मारा मुळातच मोठा आहे. वरची ढाल पातळ झाली असती, तर त्याचा पहिला भार अशा उघड्यावर राबणाऱ्यांवर पडला असता.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोननाशक पदार्थांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. संयुक्त राष्ट्रांच्या कुटुंबातील हा पहिला करार, ज्याला जगातील प्रत्येक देशाने मान्यता दिली. विकसनशील देशांनी २०१० पर्यंत क्लोरोफ्ल्युओरोकार्बने बंद केली, त्यांच्या जागी आलेले आर-२२ हे शीतकरणाचे रसायन सध्या टप्प्याटप्प्याने हटवले जात आहे, आणि नव्या फ्रिजमध्ये आयसोब्यूटेन रूढ झाले आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनानुसार सद्य धोरणे टिकल्यास ओझोन १९८० च्या पातळीवर अंटार्क्टिकावर सुमारे २०६६ पर्यंत, आर्क्टिकवर २०४५ पर्यंत आणि उर्वरित जगात २०४० पर्यंत परतेल.

नायट्रस ऑक्साइड या वायूवर मात्र कराराचे नियंत्रण नाही, आणि आज ओझोनला हानिकारक अशा उत्सर्जनांत त्याचाच वाटा सर्वाधिक मानला जातो. नत्रखत दिलेल्या जमिनीत पाणी साचले की सूक्ष्मजीव नायट्रेटचे रूपांतर या वायूत करतात. कृष्णाकाठच्या उसाला युरियाची मात्रा देऊन लगेच पाटाचे भरपूर पाणी सोडले की हीच परिस्थिती तयार होते. ठिबकमधून थोडे थोडे खत दिल्यास पिकाला ते अधिक लागू पडते आणि वायू कमी सुटतो.