मुलाखतीनंतरचे आभारपत्र

नोकरीची मुलाखत देऊन आलेल्या उमेदवाराने मुलाखत घेणाऱ्यांना पाठवलेले छोटे पत्र किंवा ईमेल. हा रिवाज मुख्यतः अमेरिकेतला. तिथल्या विद्यापीठांची करिअर केंद्रे विद्यार्थ्यांना रेझ्युमे लिहायला शिकवतात तसे हेही शिकवतात आणि पत्र २४ तासांच्या आत जावे असे सांगतात. जपानमध्ये नव्या पदवीधरांच्या भरतीत आभाराच्या मेलची पद्धत आहे. ब्रिटन आणि जर्मनीत मात्र असे पत्र आले नाही तर सहसा कोणाला खटकत नाही.

या रिवाजाचे मूळ घरगुती शिष्टाचारात आहे. पाहुणचार घेऊन परतल्यावर घरच्या यजमानीणबाईंना दोन ओळी लिहाव्यात, हा अमेरिकी मध्यमवर्गाचा जुना संस्कार. एमिली पोस्ट यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिष्टाचारविषयक ग्रंथाने तो घरोघरी पोहोचवला. नोकरीच्या शोधाशी त्याची सांगड घट्ट करणाऱ्यांत रिचर्ड बोल्स यांचे नाव ठळक आहे. बोल्स हे एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खर्चकपातीत त्यांची स्वतःची नोकरी गेली. आपल्यासारख्याच धर्मोपदेशकांसाठी त्यांनी १९७० मध्ये पदरमोड करून एक मार्गदर्शिका छापली. पुढे तिच्या १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. प्रत्येक मुलाखतीनंतर आभारपत्र लिहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

पूर्वी हे पत्र जाड कागदाच्या घडीच्या कार्डावर हाताने लिहीत आणि टपालाने धाडत. अमेरिकेत साध्या टपालाला आता १ ते ५ दिवस लागतात आणि तोवर निवडीचा निर्णय होऊनही जातो. त्यामुळे कार्ड मागे पडून ईमेल रूढ झाला.

चांगले पत्र पाच-सहा वाक्यांत संपते. कारखान्यात देखभाल अभियंत्याच्या जागेसाठी मुलाखत दिलेल्या उमेदवाराचे पत्र मराठीत साधारण असे होईल :

‘काल वेळ दिल्याबद्दल मनापासून आभार. रात्रपाळीत कन्व्हेअर बंद पडला की दुरुस्तीला उशीर होतो, असे तुम्ही म्हणालात. सुट्या भागांच्या साठ्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर तेव्हा अर्धवट राहिले. आधीच्या कारखान्यात आम्ही बेअरिंग आणि बेल्ट प्रत्येक लाइनजवळच्या कपाटात ठेवत असू, त्यामुळे दर वेळी स्टोअरपर्यंतची खेप वाचत असे. हे काम करायला मला आवडेल. आणखी काही माहिती हवी असल्यास जरूर कळवा.’

या पत्राचा जीव तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात आहे. मुलाखतीत सुचले नाही ते नंतर नीट मांडण्याची सोय, हा या प्रथेचा सर्वांत खरा उपयोग होय. नुसते गुळगुळीत आभार वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. पॅनेलवरच्या चौघांना एकच मजकूर पाठवणे तर अंगाशी येते, कारण ते मेल एकमेकांना दाखवले जातात. नावाचे स्पेलिंग चुकणे त्याहून वाईट. पगाराची बोलणी या पत्रात आणू नयेत.

असे पत्र लिहायला माणूस कचरतो. आपण लाळघोटे दिसू, असे त्याला वाटते. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ मध्ये सायकॉलॉजिकल सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. ते मुलाखतींविषयी नव्हते, एकूण कृतज्ञतेच्या पत्रांविषयी होते. पत्र मिळणाऱ्याला किती आनंद होईल याचा अंदाज लिहिणारे कमी बांधतात आणि त्याला अवघडल्यासारखे होईल ही भीती वाजवीपेक्षा जास्त बाळगतात, असे त्यांत दिसले.

वाद आहे तो सक्तीचा. एप्रिल २०१९ मध्ये बिझनेस इनसायडर या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाच्या एका वरिष्ठ संपादिकेने, आभाराचा मेल न पाठवणाऱ्याला नोकरी देऊ नये, असा आपला नियम जाहीरपणे मांडला. त्यावर समाजमाध्यमांत टीकेची झोड उठली आणि ती रास्त होती. हा नियम जाहिरातीत कुठेच छापलेला नसतो. ज्याच्या घरात कोणी कार्यालयीन नोकरी केलेली नाही किंवा जो दुसऱ्या देशातून आला आहे, त्याला तो कळणार कसा? शिवाय मुलाखतीला वेळ उमेदवारानेही दिलेला असतो आणि त्याला साधा नकारही न कळवणाऱ्या कंपन्या थोड्या नाहीत. पत्र आले तर वाचावे. न आल्याबद्दल गुण कापणे हा अन्याय आहे.

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत हा प्रश्न नियमांनीच हाताळला आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून एमबीबीएस होऊन तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जागांचे वाटप करणाऱ्या नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅमच्या आचारसंहितेनुसार रुग्णालयांनी मुलाखतीनंतर उमेदवारांकडून पत्रव्यवहाराची मागणी किंवा अपेक्षा करायची नसते. आभारपत्र पाठवू नका, असे काही विभाग मुलाखतीच्या दिवशीच सांगतात. तसे सांगितले असेल तर न पाठवणे हाच शिष्टाचार.

भारतात सरकारी भरतीत या पत्राला जागा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीचे २७५ गुण मंडळ देते आणि मागाहून सदस्यांशी संपर्क साधणे वशिलेबाजीत मोडू शकते. पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्यांत, विशेषतः अमेरिकी ग्राहकांचे काम करणाऱ्या आयटी क्षेत्रात, थँक्यू मेल आता परिचयाचा आहे. मात्र मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता उमेदवाराला बहुधा मिळत नाही. अशा वेळी वेळ ठरवून देणाऱ्या एचआरच्या व्यक्तीला मेल लिहून तो पुढे पोचवण्याची विनंती करतात.